दाजी आणि त्यांचं बिडाचं टेबल

आमचे दाजी लाकडाला हात लावायच्या आधी हात धुवायचे. काम झाल्यावर सगळेच धुतात, हे आधी धुवायचे. साबण लावून, कोपरापर्यंत, आणि मग खुंटीवरच्या धुतलेल्या पंच्याला पुसून. लातूरसारख्या गावात, जिथे नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, तिथे हा माणूस लाकडासाठी साबण झिजवायचा. मी चाळीस वर्षं नांदेडात सुतारकाम करतोय. भुसा, सरस आणि पॉलिश यांनी माझ्या हातांचा मूळ रंग कोणता हे मलाच आठवत नाही, पण लाकडानं कधी तक्रार केली नाही. "लाकूड काय देव्हाऱ्यातलं हाय का?" असं मी एकदा अक्काला विचारलं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, दाजींची बायको. ती म्हणाली, "तू नको बोलूस बाबा. मलाबी हात धुतल्याबिगर त्या खोलीत येऊ देत न्हाईत."

हात धुऊन झाले की दाजी पांढरा कोट चढवायचे. इस्त्रीचा, डॉक्टर घालतात तसा. वरच्या खिशात तीन पेन्सिली, तिन्हींना सुईसारखी टोकं. उजवा हात कायम कोटाच्या खालच्या खिशात. बोलताना फक्त डावा हात हवेत फिरायचा आणि उजवा आत आराम करत असायचा. या साहेबी थाटात ते फळीभोवती असे फिरायचे की मला प्रश्न पडायचा, या माणसाला फळी कापायची आहे की फळी आजारी आहे.

आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे दाजीला, उलटून बोलायचं नसतं. पान त्यांना आधी वाढायचं, चूक त्यांची असली तरी मान आपण हलवायची. मी तीस वर्षं मान हलवली. आता दाजी नाहीत, म्हणून जे पोटात ठेवलं ते लिहून टाकतो.

दाजी मूळचे रेणापूरचे, आणि आमच्यासारखेच सुतार. त्यांचे आजोबा बैलगाडीची चाकं करायचे. वडील मास्तर झाले आणि दाजी सरकारी नोकरीत ओव्हरसियर. नोकरी लागली त्या दिवसापासून दाजींच्या तोंडून सुतार हा शब्द गेला. कुणी विचारलं तर म्हणायचे, "आमचं घराणं शिक्षकांचं." रेणापूरचं बोलणंही त्यांनी जुन्या चपलेसारखं टाकून दिलं आणि रेडिओवर बातम्या सांगतात तसं बोलायला लागले. पाहुण्यांसमोर अक्का म्हणाली, "लई ऊन हाय बाई," की दाजी ताटावरून मान वर न करता म्हणायचे, "लई नाही, खूप. हाय नाही, आहे." अक्का गप्प बसायची आणि पाहुणे भातात बघायचे.

मला ते चारचौघांत नावानं हाक मारत नसत. "हे आमचे मिस्त्री," अशी ओळख करून द्यायचे. मेव्हणा म्हटलं असतं तर कोट मळला असता.

पण माझ्या मनातली खरी अढी कपाटाची होती. अक्काच्या लग्नात आमच्या वडिलांनी, नानांनी, तिला सागवानी कपाट करून दिलं होतं. दुकान संध्याकाळी बंद केल्यावर तीन महिने ते त्या कपाटाच्या कामाला बसत. एक खिळा नाही, सगळे सांधे खाचेत खाच बसवलेले. दाजींनी वर्षभरात आरशाचं लोखंडी कपाट आणलं आणि नानांचं कपाट मागच्या पडवीत गेलं. आधी त्यात जुनी भांडी होती, नंतर कांदे. एका दिवाळीला मी आणि नाना लातूरला गेलो, तेव्हा नानांनी कपाटाचं दार उघडलं. आत कांदे होते. नानांनी दार लावून घेतलं. परत येताना एस.टी.त ते नांदेडपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले होते. त्या दिवसापासून दाजी मला डोळ्यांसमोर नकोसे झाले.

आणि हाच माणूस निवृत्त झाल्यावर सुतारकाम करायला लागला. ज्या धंद्याचं नाव घ्यायला त्याला लाज वाटत होती, तोच त्यानं मोबाईलवर परदेशी लोकांचे व्हिडिओ बघून नव्यानं शोधून काढला. आमच्या घरात ज्याला पोट म्हणतात त्याला दाजी छंद म्हणायला लागले.

घरामागची गाडी ठेवायची खोली त्यांनी रिकामी केली, भिंतींना पांढरा रंग दिला आणि हैदराबादहून टेबल सॉ मागवली. आमच्याकडे तिला कटर म्हणतात. टेबलाच्या मधून गोल पातं वर आलेलं असतं आणि लाकूड त्याच्यावर ढकलायचं. माझी नांदेडची मशीन मी स्वतः जोडलेली, अँगलचा सांगाडा आणि वर प्लाय. दाजींच्या मशीनचं टेबल बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं होतं, घासून आरशासारखं केलेलं. भिंतीवर सगळी अवजारं टांगलेली आणि प्रत्येकाखाली नाव. हातोडीखाली 'हातोडी' लिहिलेलं मी आयुष्यात तिथेच पाहिलं.

या थाटातून दोन वर्षांत काय बाहेर पडलं, तर एक स्टूल. ते डुगडुगायचं. मी त्यावर बसलो, ते एका पायावर गेलं, मी काही बोलणार तेवढ्यात दाजी म्हणाले, "फरशी मोजली का?"

"मोजलं का?" हे त्यांचं पालुपद होतं. अक्का म्हणाली आमटीत मीठ कमी झालं, की "मोजलं का?" मी म्हणालो फळी सरळ आहे, की "मोजलं का?" आम्ही दोन फळ्यांच्या सांध्यावरून अंगठ्याचं नख ओढतो. नख अडकलं तर वर-खाली आहे, नाही अडकलं तर काम झालं. नानांनी मला तेच शिकवलं. दाजींकडे त्यासाठी पत्र्याच्या पातळ पात्यांचा एक जुडगा होता, केसाइतक्या जाडीपासून पुढे. ते सांध्यात एकेक पातं घालून बघायचे आणि वहीत लिहायचे. लिहून झालं की पुन्हा मोजायचे. एकच फळी तीन-तीनदा मोजणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला वाटायचं, ज्याला काम येत नाही तो मोजत बसतो.

दोन वर्षांपूर्वी नवरात्राच्या आधी अक्काचा फोन आला. तिची एकुलती एक लेक शुभा नायगावला दिलेली. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, दिवस दिवाळीच्या आसपासचे होते. "नामा, ह्यांना बाळासाठी पाळणा करायचाय," अक्का म्हणाली. "तुला बोलवायलेत. मशीनला कायतरी जोडायचं म्हणतेत."

मग दाजींनी फोन घेतला. त्यांना बिडाच्या टेबलाला राऊटरसाठी जोड हवा होता. राऊटर म्हणजे लाकडाच्या कडा गोल करायचं हातमशीन. आम्ही ते दोन्ही हातांत घट्ट धरतो आणि लाकडाच्या कडेवरून फिरवतो. दाजींना ते टेबलाखाली उलटं टांगायचं होतं. त्याचं फिरणारं पातं तेवढं वर यावं आणि आपण आडव्या पट्टीला टेकवून लाकूड त्याच्यापुढून ढकलावं. त्यासाठी टेबलाच्या उजव्या अंगाचा पत्र्याचा पंख काढून तिथे नवी फळी बसवायची, बिडाच्या टेबलाशी तंतोतंत सपाट.

"दाजी, पाळण्याच्या कडाच गोल करायच्यात ना?" मी म्हणालो. "मी येतो, हातानं राऊटर फिरवतो, अर्ध्या तासात मोकळं. त्याच्यासाठी टेबल कशाला वाढवायलात?"

"पाळणा मी करणार आहे," दाजी म्हणाले. "तू फक्त जोड बसवून दे. जमत नसेल तर सांग."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी हो म्हणालो, कारण अक्का फोनजवळ उभी होती हे मला माहीत होतं.

चार दिवसांनी कुरियरनं नकाशा आला. राऊटर टांगायला ॲल्युमिनियमची एक चौकोनी प्लेट लागणार होती आणि त्या प्लेटचं प्रत्येक माप मिलिमीटरमध्ये, टिंबाच्या पुढे दोन-दोन आकडे देऊन लिहिलं होतं. मी कागद घेऊन रफीकभाईंकडे गेलो. माझ्या दुकानाशेजारी त्यांचं लेथचं दुकान आहे, आमची पाती-बिती तेच दुरुस्त करतात. त्यांनी चष्मा वर केला, कागद उलटा-सुलटा पाहिला आणि म्हणाले, "मिस्त्री, तुमारे दाजी कू घडी बनाने की है क्या?" आम्ही दोघं पोट धरून हसलो. ती प्लेट मात्र त्यांनी नकाशाबरहुकूम करून दिली. जाताना म्हणाले, "नक्शा अच्छा है. आदमी कैसा बी हो."

अष्टमीला मी सामान घेऊन लातूरला पोचलो. दाजींनी आधी मला हात धुवायला लावले. मग मी जुना पत्र्याचा पंख काढला, प्लायचे दोन थर सरसानं चिकटवून जाड फळी केली. मी वरून सनमायका लावला. दाजी म्हणाले, "खालूनही." मी म्हणालो, खालून कोण बघणार आहे. ते म्हणाले, एकाच बाजूला लावला तर पावसाळ्यात फळी वाकते. आमच्या नांदेडात हजार टेबलं एका बाजूच्या सनमायक्याची उभी आहेत. त्यातली बरीच वाकलेली आहेत, हे मी त्यांना सांगितलं नाही. खालूनही लावला.

फळी टेबलाला बोल्टनं आवळली, खाली एक पाय दिला, कारण राऊटरच्या वजनानं कड लोंबायला नको. मग सांध्यावरून नख ओढलं. नख अडकलं नाही. "झालं," मी म्हणालो.

"मोजलं का?"

त्यांनी पात्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. तोही मलाच घालायला लावला, स्वतः खिशात हात घालून उभे राहिले. सर्वांत पातळ पातं सांध्यापाशी अडलं. दाजी म्हणाले, पाठीमागचा बोल्ट सैल कर, कागदाची पट्टी घाल, पुन्हा आवळ. असं सात वेळा झालं. आठव्या वेळी पातं सांध्यावरून घसरत गेलं आणि दाजी म्हणाले, "आता जेवू या." माझी भूक केव्हाच मेली होती.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. त्या दिवशी आम्ही कुठलंही अवजार चालवत नाही, सगळी पूजेला मांडतो. नाना अवजारांवर हळद-कुंकवाची बोटं ओढायचे आणि नारळ फोडून त्याचं पाणी सगळ्यांवर शिंपडायचे. सकाळी दाजी आणि अक्का शुभाला घेऊन दवाखान्यात गेले. मला वाटलं, या मशीनची आजवर कुणी पूजा केली नसेल. ज्याला सुतार म्हणवून घ्यायची लाज वाटते तो अवजाराला काय हळद लावणार. मीच केली. हळद-कुंकू कालवून बिडाच्या टेबलावर पाच बोटं ओढली, तिथंच कडेला नारळ फोडला, पाणी शिंपडलं, झेंडूची माळ घातली आणि सगळ्यावर माझा गमछा पांघरला. अक्काला निरोप ठेवला, मी येईपर्यंत पूजा उतरवू नका. मग माझ्या दुकानाच्या पूजेला मी नांदेडला गेलो. दसरा तिकडेच झाला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी परत आलो आणि दाजींच्या देखत गमछा उचलला. टेबलावर तांबडा गंज धरला होता. जिथे जिथे नारळाचं पाणी पडलं होतं तिथे ठिपके, आणि मधोमध माझी पाच बोटं, हळदीच्या जागी गंजाची. माझी मशीन प्लायची. बिडाच्या टेबलावर मी आयुष्यात कधी काम केलेलं नव्हतं आणि हे विचारावं असं मला वाटलंही नव्हतं.

अक्का दारात आली, तिनं बघितलं आणि कपाळावर हात मारला. "आरं नामा, बिडाचा तवा कुणी वला ठिवतं का? चाळीस वर्षांचा सुतार म्हणं."

मला वाटलं आता दाजी मला सोलून काढतील. तीस वर्षं ते या संधीची वाट बघत होते. पण ते जाऊन हात धुऊन आले. रॉकेलची बाटली आणि बारीक पॉलिश-पेपर घेतला. "हाताच्या घामानंसुद्धा गंज धरतो," एवढंच म्हणाले. "म्हणून मी धुतो."

मग त्यांनी गंज घासायला उजवा हात खिशातून बाहेर काढला.

तो हात थरथरत होता. थंडीनं किंवा रागानं थरथरतो तसा नाही. अंगठा आणि बोटं एकमेकांवर सारखी घासत होती, जणू चिमटीत काहीतरी मळतायत. पेपर हातातून पडला. त्यांनी उचलला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा त्यांनी तो डाव्या हातात घेतला. मी दुसरीकडे बघायला हवं होतं. मी बघतच राहिलो.

"काय बघतोस?" दाजी म्हणाले. "मोजलंस का, किती हलतो ते?"

स्वयंपाकघरात अक्कानं मला सगळं सांगितलं. कंपवात होता, दीड वर्ष झालं होतं. औषधं चालू होती, पण हा आजार थांबणारा नव्हता. "कुणाला सांगू दिलं न्हाई," ती म्हणाली. "तुला तर मुळीच न्हाई. म्हणले, तो हसंल. राऊटर हातात धरवत न्हाई त्यांना, नामा. म्हणून ते टेबल. पाळणा तेवढा सोताच्या हातानं करतो म्हणतेत. पुढल्या वर्षी हात कसा ऱ्हाईल, डाक्टर सांगंना."

खिशातला हात, तीनदा मोजणं, डुगडुगणारं स्टूल, जुडगा माझ्या हाती देणं, सगळ्याचा अर्थ लागला. मी हसलो असतो, हे दाजींनी बरोबर ओळखलं होतं. लाज वाटली. आणि त्याचबरोबर रागही आला, कारण असला हात घेऊन हा माणूस दीड वर्ष फिरत्या पात्यासमोर उभा राहत होता. एखाद्या दिवशी बोटं गेली असती आणि अक्कानं ती पदरात घेऊन दवाखाना गाठला असता.

मी परत खोलीत गेलो. आयुष्यात पहिल्यांदा दाजींना उलटून बोललो. "गोल पात्यावर तुमी आता हात घालायचा न्हाई. कापायचं सगळं मी करतो. न्हाईतर हे पातं काढून मी नांदेडला घेऊन जातो."

दाजींनी हातातला पेपर बाजूला ठेवला. मग म्हणाले, "कापणं तुझं. गोल करणं माझं." आणि वर म्हणाले, "पण मापं मी देणार."

"लाकूड कुठंय?" मी विचारलं.

त्यांनी कोपऱ्यातली चादर काढली. खाली नानांचं कपाट होतं, सुटं केलेलं. दारं, बाजू, फळ्या, सगळं ओळीनं मांडून त्यावर पेन्सिलीनं आकडे टाकलेले. मला काय वाटलं ते सांगता येत नाही. मी तिथून निघूनच गेलो असतो, पण दाजी बोलायला लागले होते.

"एवढं जुनं, मुरलेलं सागवान आता लातुरात मिळत नाही," ते म्हणाले. "हे सांधे उघडायला मला दोन महिने लागले. एक खिळा नाही. प्रत्येक खाच मोजली मी. अर्ध्या मिलिमीटरचा फरक निघाला नाही."

"नाना मोजत नव्हते," मी म्हणालो. "नखानं बघायचे."

दाजींनी एक फळी डाव्या हातानं उचलली, नाकाजवळ नेली आणि खाली ठेवली. "आतल्या फळ्यांना अजून कांद्याचा वास आहे," ते हळूच म्हणाले. "रंध्यानं जाईल का?"

तीस वर्षांत दाजींनी मला कामातलं काही विचारलं असं हे पहिलंच. "जाईल," मी म्हणालो.

तीन दिवस काम चाललं. मी रंधा मारला, फळ्या कापल्या, आणि दाजींसाठी सागाच्या तुकड्याची एक ढकलपट्टी केली, गवंड्याच्या थापीसारखी मुठीची, म्हणजे बोटं पात्यापासून लांब राहावीत. दाजी हात धुऊन, कोट घालून यायचे. राऊटर सुरू करायचे, फळी आडव्या पट्टीला टेकवायचे, थापीवर दोन्ही हात ठेवायचे आणि उजवीकडून डावीकडे ढकलायचे. थापीवरचा उजवा हात हलत असायचा. फळी मात्र पट्टीला धरून सरळ जायची आणि पलीकडून कड गोल होऊन बाहेर यायची. आम्ही सात वेळा बोल्ट आवळलेल्या त्या सांध्यावरून ती कुठेही अडखळली नाही. नखानं केलेलं माझं काम तिथे चाललं नसतं, हे मला तेव्हाच कळलं. मी ते दाजींना कधी सांगितलं नाही.

उगाच कौतुक करत नाही. माझ्या अर्ध्या तासाच्या कामाला त्यांनी तीन दिवस घेतले. एका फळीवर रेंगाळले तर कड जाळून काळी केली. प्रत्येक गोलाई वहीत लिहिली. दांडी बसवताना मी म्हणालो, "बसली," तर त्याही अवस्थेत म्हणाले, "मोजलं का?"

शुभाला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं होतं. घर पाहुण्यांनी भरलं होतं, बायका पाळणा म्हणत होत्या, मी घुगऱ्यांच्या वाट्या फिरवत होतो. दाजींच्या खात्यातले त्यांचे जुने मोठे साहेब आले होते. त्यांनी पाळण्याच्या कडेवरून हात फिरवला आणि म्हणाले, "सुरेख आहे. पुण्याहून मागवलात वाटतं. कोणत्या दुकानातून?"

मी वाटी हातात धरून थांबलो. उत्तर मला पाठ होतं. आमच्या मिस्त्रीनं केला, असं म्हणणार आणि डावा हात माझ्या दिशेनं फिरवणार.

दाजींचा उजवा हात त्या दिवशी खिशात नव्हता. पाळण्याच्या दांडीवर होता. हात हलत होता, त्यानं पाळणा हलत होता, आणि सगळ्यांना वाटत होतं, आजोबा झोका देतायत.

"दुकानातला न्हाई, साहेब," दाजी म्हणाले. "घरचा हाय. लाकूड आमच्या सासऱ्याच्या हातचं, कापलं ह्या माझ्या मेव्हण्यानं, गोल मी केलंय." थोडं थांबून म्हणाले, "सुतारच की आमी."

मी घुगऱ्यांच्या वाटीत बघितलं. तेवढ्यात पाळण्याच्या पलीकडून अक्काचा आवाज आला, अगदी सावकाश आणि स्पष्ट.

"हाय नाही," ती म्हणाली. "आहे."

सगळे हसले. दाजी सगळ्यांत उशिरा हसले, पण हसले.

पुढच्या वर्षी डावा हातही हलायला लागला. खोलीला कुलूप लागलं. यंदाच्या उन्हाळ्यात दाजी गेले. तेराव्यानंतर अक्का म्हणाली, "ते मशीन घेऊन जा नामा. हितं गंजंल." टेम्पोत घालून मी ते नांदेडला आणलं. पुसायला घेतलं तर मधोमध माझी पाच बोटं अजून होती. घासून घासून गंज गेला होता, पण बिडावर काळसर डाग राहिला होता. तो आता जाणार नाही.

परवा रफीकभाई दुकानात आले. मी मोरीवर साबण लावत होतो. ते दारात थांबले, कोपरापर्यंतचा फेस बघितला, टेबलाजवळ टांगलेला धुतलेला पंचा बघितला आणि म्हणाले, "क्या मिस्त्री, अब तुम बी घडी बनाते क्या?"

"पहले हाथ धोके आव," मी म्हणालो, "फिर टेबल कू हाथ लगाव."

ते पोट धरून हसले. मी पंच्याला हात पुसले. तीस वर्षं मीही असाच हसत होतो.